आधी ऊब, मग दूध

निफाडला थंडी पडली की पेपरात चौकट येतेच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला तापमानाचा आकडा आणि शेजारी शेकोटीचा फोटो. त्या आठवड्यात पारा पाच-सहा अंशांवर घुटमळत होता. माझ्या दवाखान्यात मात्र थंडीची म्हणावी अशी केस एकही नव्हती. स्वेटर घातलेली गुबगुबीत लॅब्राडोर नखं कापायला येत होती, तेवढंच.

सकाळी सातला एक पिकअप दारात थांबली. द्राक्षबाग असलेले भाऊ आणि त्यांच्या घरातल्या आजी उतरल्या. द्राक्षांच्या क्रेटमध्ये ओलं गोणपाट आणि त्यावर चार दिवसांची पाच पिल्लं. मागे हौद्यात त्यांची आई साखळीला हिसके देत होती.

मणी तडकू नयेत म्हणून या भावांनी पहाटे बागेला पाणी सोडलं होतं. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, त्यामुळे बागेतला गारठा थोडा मोडतो. पण ठिबकची एक नळी निसटली आणि पाणी थेट शेडमधल्या कुत्रीच्या अंथरुणाखाली शिरलं. द्राक्षं वाचली.

थर्मामीटर लावला, तर आकडाच उमटेना. म्हणजे ३२ अंशांच्याही खाली. एवढ्या लहान पिल्लांना कुडकुडताही येत नाही. अंगातली उष्णता गेली की ती नुसती गप्प होतात. एक तर अगदी चिंधीसारखं लोंबत होतं. "ते गेलंय, राहू द्या," आजी म्हणाल्या. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं. पण स्टेथोस्कोपखाली एक ठोका लागला आणि बऱ्याच वेळाने दुसरा.

सलाइनच्या रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरलं, त्या टॉवेलात गुंडाळल्या आणि पिल्लं मधे ठेवली. दर पाच मिनिटांनी कूस बदलायची. घाई केली तर कातडी भाजते. हिरड्यांवर ग्लुकोजचा थेंब चोळत होतो.

आजींचं एकच पालुपद, "डॉक्टर, आधी दूध पाजा ना, पोटात काही नाही त्यांच्या." घरून निघताना त्यांनी एकाला बोंडल्याने पाजलंही होतं. गार पिल्लाला नीट गिळता येत नाही, आतडंही थंडावलेलं असतं. दूध पोटात नासतं, नाहीतर फुप्फुसात जातं. हे मी त्यांना जरा चढ्या आवाजात सांगितलं, आणि सांगून झाल्यावर वाईट वाटलं. रात्रभर जागलेली बाई ती.

दोन तासांनी पारा ३५ च्या वर सरकला. पिल्लं तोंडं हलवत काहीतरी शोधू लागली. तेव्हा आईला आत आणलं. ती टेबलाखालच्या फरशीवरच आडवी झाली, आणि लोंबणारं पिल्लू सगळ्यांत आधी लुचायला लागलं.

जाताना सांगितलं, गोणपाट नको, ओलं झालं की तेच गारठवतं. फळीवर कोरडा गव्हाचा भुसा जाड पसरा आणि वारा अडवा.

बोंडल्याने पाजलेलं पिल्लू त्या चौघांपेक्षा तरतरीत दिसत होतं. दुसऱ्या दिवशी त्याची छाती घरघरू लागली. इंजेक्शनं दिली, पण संध्याकाळी ते गेलं. फोनवर आजींनी कारण विचारलं. मी थंडीचं नाव घेतलं.