सांगलीचा ड्राफ्ट आणि बुटातली उंची

सांगलीला जायचं कारण एकच होतं: एका छोट्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा खेळाडू-ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने खेळाडू निवडायचे. पेठ नाक्याला हायवे सोडला की आष्ट्यावरून सांगली; त्या रस्त्याबद्दल सांगलीकर स्वतःच इतकं बोलतात की मी भर घालत नाही. लॉजची खोली स्वच्छ, पंखा कर्कश. पण लिहायला बसलोय ते सकाळी आठला हॉलच्या भिंतीपाशी जे चाललं होतं त्यामुळे.

उंची मोजत होते. भिंतीला शिंप्याची कापडी टेप चिकटवलेली. ती ताणली की लांबते, हे एक. भिंतीच्या पायथ्याला स्कर्टिंगची फरशी बाहेर आलेली, त्यामुळे टाच भिंतीला टेकतच नव्हती. डोक्यावर ठेवायला परीक्षेचं पॅड, तेही धरणाऱ्याच्या हाताप्रमाणे तिरकं. आणि सगळ्यांच्या पायात बूट. एका पोराने वाकून लेस सोडायला घेतली, तर "राहू दे रे, लाइन मोठी आहे."

मागच्या बाकावरून कोणीतरी हरकत घेतली. त्यावर एका प्रशिक्षकांचं उत्तर: "खेळताना काय अनवाणी खेळणार हाय काय ओ?" हॉल हसला आणि विषय संपला. ज्या गावात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखालचं पाणी फूट-इंचात सांगतात, ४५ फूट म्हणजे धोका हे शाळकरी पोरालाही पाठ असतं, तिथे माणसाची उंची अशी अंदाजपंचे मोजावी याचं मला नवल वाटलं.

बूट दोन-तीन सेंटिमीटर सहज वाढवतो, तळ जाड असेल तर त्याहून जास्त. अनवाणी १९१ सेंटिमीटरचा मुलगा म्हणजे सहा फूट तीन. बुटात तो १९४ भरतो, म्हणजे सहा चारच्या थोडा वर. फॉर्म भरणारा 'थोडा वर' पाहून सहा पाच लिहितो. दोन इंच कागदावरच उगवले. सगळ्यांचे बूट सारखे असते तर चाललं असतं, पण कोणाचे नवे कोरे, कोणाचे झिजून चपटे. अमेरिकेतल्या एनबीए या लीगमध्येही वर्षानुवर्षं बुटातली उंची छापत. २०१९-२० च्या मोसमापासून संघांना अनवाणी उंचीच प्रमाणित करून द्यावी लागली आणि भल्याभल्यांची उंची एका रात्रीत इंच-दोन इंच उतरली.

नीट मोजायला खर्च काही येत नाही. स्टीलची टेप. स्कर्टिंग नसलेली भिंत किंवा दाराची चौकट. टाचा, कुल्ले, खांदे टेकलेले, नजर सरळ, हनुवटी वर नाही. डोक्यावर सुताराचा गुण्या, केस दाबून. दोनदा मोजायचं, एक सेंटिमीटरपेक्षा फरक आला तर तिसऱ्यांदा. आणि सगळ्यांची उंची एकाच सकाळी, कारण दिवसभरात मणक्यातल्या चकत्या दबून माणूस सेंटिमीटरभर तरी खुजा होतो. दुपारी मोजलेल्यांवर उगाच अन्याय.

त्याहून वाईट म्हणजे पोच, म्हणजे उभ्याने हात वर करून बोटं कुठवर जातात ते, मोजलीच नाही. रिंग ३.०५ मीटरवर असते. तिथवर जायला डोकं लागत नाही, बोटं लागतात. सारख्या उंचीच्या दोघांच्या पोचेत आठ-दहा सेंटिमीटरचा फरक निघू शकतो, लांब हातांचा मुलगा अंगाने बुटका असून उंच खेळतो. पोच घेताना टाचा जमिनीवर आणि दोन्ही हात वर घ्यावेत. एकच हात वर केला की खांदा तिरका होऊन आकडा फुगतो.

धावणं, ड्रिब्लिंग, तीन गुणांच्या ६.७५ मीटरच्या रेषेबाहेरून नेमबाजी, हे सगळं अकरापर्यंत उरकलं. नाश्त्याला भडंग आणि चहा. पाहुणचारात सांगली कमी पडत नाही, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मात्र पाठ कामातून गेली.

मग कोणत्या संघाने कितवं निवडायचं, तो क्रम ठरवायची सोडत. स्टीलच्या डब्यात सहा चिठ्ठ्या, एका लहान मुलीने काढल्या. चिठ्ठ्या एकाच कागदाच्या आणि एकाच घडीच्या होत्या हे पाहून बरं वाटलं. १९८५ मध्ये एनबीएने पहिली सोडत पाकिटांनी काढली, न्यूयॉर्कचं पाकीट निघालं, आणि हाताला ओळखू यावं म्हणून ते आधी फ्रिजमध्ये गार करून ठेवलं होतं ही अफवा अजून मेली नाही.

निवेदकाला मात्र कोणीतरी आवरायला हवं होतं. प्रत्येक नावानंतर "सोल्ड!" ड्राफ्टमध्ये कोणी विकलं जात नाही. बोली नाही, बोलीसाठी उचलायची पॅडल नाही. मानधन फेरीनुसार आधीच ठरलेलं असतं. संघाच्या हातात फक्त आपली पाळी आणि घड्याळ, इथे पहिल्या फेऱ्यांना दोन मिनिटं, नंतर एक. नाव न घेता नोंदणी क्रमांक पुकारायचा, हा नियम चांगला होता, कारण यादीत एकाच नाव-आडनावाचे दोघे होते.

सहा संघ, दहा फेऱ्या, स्नेक पद्धत. म्हणजे पहिली फेरी एक ते सहा, दुसरी उलटी सहा ते एक. त्यामुळे सहाव्या संघाला सहावं आणि सातवं नाव लागोपाठ मिळतं, आणि पहिल्या संघाला एकदम बारावं-तेरावं. टोकावर बसणारा दोन-दोन नावं घेतो, पण मध्ये दहा नावं जाताना बघत बसतो.

सहाव्या संघाने लागोपाठ दोन सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारे उंच खेळाडू, उचलले. दोघांची उंची सकाळच्या कागदावर सहा पाच. तिथून जी घबराट सुटली ती बघण्यासारखी होती. आठव्या नावापासून अकराव्यापर्यंत चारही टेबलांनी, म्हणजे संघांनी, उंचीच घेतली. त्यातल्या एकाला सकाळी डाव्या हाताने चेंडू नेता येत नव्हता. पण समोरची यादी उंचीच्या उतरत्या क्रमाने छापलेली, आणि मिनिटं सरत असताना माणूस यादीत वरून खालीच बघतो. असे लोंढे नेहमी टोकाच्या टेबलावरून सुटतात, कारण तिथूनच एका जागेचे दोन खेळाडू एकदम जातात. उपाय एकच: उंची झाकून, खेळावरून लावलेली आपली क्रमवारी घरून आणायची.

ती फक्त पहिल्या टेबलाने आणली होती. त्यांनी बाराव्या आणि तेराव्या नावाला सकाळचे दोन सर्वांत चांगले गार्ड, म्हणजे चेंडू नेणारे-खेळवणारे, घेतले, गडबड न करता. टाळ्या पडल्या नाहीत.

पुढच्या फेऱ्या वेगात गेल्या. प्रत्येक संघात जिल्ह्यातले दोन तरी खेळाडू हवेत असा नियम होता, आणि चार टेबलांनी तो नवव्या फेरीपर्यंत ढकलला. तोवर चांगले स्थानिक गेलेले. सहाव्या फेरीआधी हा कोटा संपवावा. शेवटच्या फेऱ्यांना किंमत नाही असं म्हणणाऱ्यांना सांगतो: २०१५ मध्ये एनबीएच्या ६० नावांत सतनाम सिंग ५२ वा होता. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय.

दुसऱ्या दिवशी गणपतीचं देऊळ आणि हरभट रोड, एवढंच.

निवड न झालेल्यांना निरोप कोणी दिलाच नाही; टेबलं आवरायला लागले तेव्हा पोरांना कळलं. अशांनी निघण्यापूर्वी दोन कामं करावीत. दुखापतीच्या बदलीसाठी राखीव यादी असते, तिच्यात आपला क्रमांक चढला का ते समोर बघून घ्यावं. आणि आधार, जन्मदाखला मूळ प्रती जमा केल्या असतील तर त्या मोजून परत घ्याव्यात. तिथे त्या एका पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून टेम्पोत चढवल्या होत्या, आणि तीन-चार मुलं गेटपर्यंत मागे पळाली.