आमची वाटचाल : बत्तीस सेकंद

आमचा धंदा सांगितला की समोरचा आधी हसतो. छोट्या कचेऱ्यांना आम्ही इंटरनेटवरचा फोन बसवून देतो, आणि तो फोन म्हणजे एक छोटा लॅपटॉप असतो. त्यावर दुसरं काही करायचं नाही. मेल नाही, टायपिंग नाही, गाणी तर मुळीच नाहीत. तो टेबलावर बसतो, वाजतो आणि तुम्ही बोलता. ‘एवढ्यासाठी अख्खा लॅपटॉप?’ हा प्रश्न पहिल्या दिवसापासून ऐकतोय. हो, एवढ्यासाठीच अख्खा. ज्या दिवशी कुणी त्यावर पत्ते खेळायला बसतं, त्या दिवसापासून तो फोन राहत नाही.

सुरुवात झाली ती लोकांनी बाजूला टाकलेल्या मशीनपासून. 2007 च्या शेवटी आसुसचा ईई पीसी 701 आला. सात इंची पडदा, 512 एमबी रॅम, 4 जीबीची फ्लॅश डिस्क, आत लिनक्स. लोकांनी हौसेने घेतला आणि धड एक पान दिसेना म्हणून कपाटात ठेवला. माझ्या तेव्हाच्या भागीदाराने असे दोन कुठून तरी उचलून आणले आणि म्हणाला, “याचं काय होतंय बघ.” वायरिंग त्याचं, सेटिंग माझं, अशी आमची वाटणी होती. मी सॉफ्टफोन, म्हणजे कॉम्प्युटरवरून फोन करायचं सॉफ्टवेअर, चढवला, खातं भरलं, आणि पाहतो तर ‘ओके’चं बटण पडद्याच्या खाली! पडद्याची उंची 480 ठिपके, खिडकी त्याहून उंच. अर्धा तास त्या बटणाशी झटलो. मग सापडलं की ऑल्ट दाबून धरलं की खिडकी कुठूनही पकडून वर ओढता येते. या धंद्यातली ही माझी पहिली विद्या.

आवाजाला फार ताकद लागत नाही, हे लोकांना आजही पटत नाही. जी.711 या कोडेकवर, म्हणजे आवाजाचे आकडे करायच्या पद्धतीवर, दर 20 मिलिसेकंदांना आवाजाचं एक पाकीट निघतं, म्हणजे सेकंदाला 50. आवाजाचे सेकंदाला 64 किलोबिट, वरचे पत्ते-शिक्के धरून एका दिशेला साधारण 80. एवढं काम ते खेळणं झोपेत करतं. पण गोम त्या झोपेतच आहे. लॅपटॉपची जातच वीज वाचवणारी. झाकण मिटलं की झोपतो, थोडा वेळ हात लावला नाही की झोपतो. वायफायचं कार्डसुद्धा मधूनमधून डुलकी काढतं, मग पाकिटं घोळक्याने येतात आणि समोरचा माणूस शब्द गिळत बोलल्यासारखा ऐकू येतो. म्हणून आमचं निम्मं काम मशीन जागं ठेवण्याचं. झाकणाची झोप बंद, वायफाय बंद करून सरळ केबल, आपोआप होणारे अपडेट बंद. ते आम्ही महिन्याला जाऊन हाताने करतो. पडदा विझला तर विझू दे.

उरलेलं निम्मं काम हेडसेटचं. घंटी लॅपटॉपच्या स्पीकरवर वाजली पाहिजे आणि बोलणं यूएसबी हेडसेटवर झालं पाहिजे. सॉफ्टफोनमध्ये या दोन्हींची निवड वेगवेगळी करता येते, पण कोण करतो? मग घंटी हेडसेटमध्ये वाजत राहते आणि हेडसेट असतो खिळ्याला टांगलेला. लॅपटॉपच्याच माइक-स्पीकरवर बोलणाऱ्यांना तर मी हात जोडतो. तुमच्या स्पीकरचा आवाज तुमच्याच माइकमध्ये शिरतो आणि समोरच्याला त्याचं स्वतःचं बोलणं परत ऐकू जातं. तुम्हाला त्यातलं काहीच कळत नाही. ज्याला घुमतं त्याच्याकडे दोष नसतो, तो दुसऱ्या टोकाला असतो. हे वाक्य मी इतक्यांदा उच्चारलंय की घरचेही आता माझ्यावरच उलटवतात.

आमच्या पहिल्या गिऱ्हाईक एक दुभाषी बाई. फोनवर दोघांच्या मध्ये बसून भाषांतर करायचं आणि मिनिटांप्रमाणे बिल लावायचं, असं त्यांचं काम. प्रत्येक फोन किती वाजता सुरू झाला, किती वाजता संपला, हे त्या एका आडव्या वहीत लिहीत. सॉफ्टफोन ही यादी स्वतःच ठेवतो, हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलं. “असू दे,” म्हणायच्या आणि वही उघडायच्या. माउसने नंबर टिचकवणं त्यांना जमेना, म्हणून मी आकड्यांचा वेगळा यूएसबी कीपॅड लावून दिला. पुढे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला द्यायला लागलो. मशीनवर ‘हा फोन आहे. यावर दुसरं काही करू नये’ ही चिठ्ठीही त्यांच्याकडेच पहिल्यांदा लागली. कल्पना भागीदाराची, हे कबूल करतो.

पुढची तीन वर्षं बरी गेली. सांगण्यासारखं काही नाही.

मग भागीदार वेगळा झाला. टेबलावरचे तयार फोन विकायचं त्याने ठरवलं. त्यात वाईट काही नव्हतं. वाईट हे की तो आमच्याच गिऱ्हाइकांकडे जाऊन “ते खेळणं किती दिवस वापरणार?” असं विचारायला लागला. आणि नेमकी त्याच सुमाराला आमच्यावर साडेसाती आली. एकामागून एक तक्रारी : फोन येतो, उचलतो, बोलणं सुरू होतं आणि तुटतो. आठवड्याभरात एकतीसपैकी एकोणीस कचेऱ्यांची तीच रड. भागीदाराचं निदान तयार होतं : जुना प्रोसेसर, मशीन तापतं, झेपत नाही. मी रात्ररात्र बसलो. कोडेक बदलले, रॅम वाढवली, पंखे साफ केले, एका ठिकाणी तर मशीनच बदललं. काही उपयोग नाही. अकरा गिऱ्हाइकं गेली. मी दुकान आवरायचा हिशेब मांडून ठेवला होता, ही गोष्ट तेव्हा घरातही सांगितली नव्हती.

बाईंचा फोन आला. त्या चिडलेल्या नव्हत्या, हेच मला लागलं. “अहो, तुमचा फोन मी केला की बोलतो, दुसऱ्याने केला की मरतो,” त्या म्हणाल्या. “आणि मरतो तो घड्याळ लावून मरतो. वही बघायला या.”

गेलो. वहीत आलेल्या फोनपुढे सगळीकडे अर्धा मिनिट. केलेल्या फोनपुढे चाळीस मिनिटं, पंचावन्न मिनिटं. मशीन तापत असतं तर पंचावन्न मिनिटांत वितळायला हवं होतं! मी स्टॉपवॉच लावून समोरच माझ्या मोबाइलवरून सहा फोन केले. सहाही वेळा 32 सेकंद.

हा आकडा या धंद्यातल्या माणसाने ओळखायला हवा, आणि मी दोन आठवडे ओळखला नव्हता. इंटरनेटवरचा फोन जोडायचे-तोडायचे नियम म्हणजे सिप, आणि त्याच्या 2002 सालच्या मुख्य दस्तऐवजातच तो आहे, आरएफसी 3261. आपण फोन उचलला की आपलं मशीन ‘उचलला’ असा निरोप पाठवतं आणि ‘पोचला’ अशी पोच मागतं. पोच नाही आली तर पुन्हा पुन्हा निरोप पाठवतं, आणि 500 मिलिसेकंदांच्या 64 पट वेळ, म्हणजे 32 सेकंद, वाट पाहून फोन ठेवून देतं. मधल्या वेळात आवाज व्यवस्थित चालू असतो, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. आपण केलेल्या फोनमध्ये पोच आपण द्यायची असते, ती जाते. म्हणून ते फोन तुटत नाहीत.

पोच अडत होती कुठे? इंटरनेटवाल्याने त्याच महिन्यात राउटर बदलून दिले होते. नव्या राउटरमध्ये सिप एएलजी नावाचं एक मदतनीस चालू होतं. सिपच्या निरोपात लिहिलेले पत्ते ते मध्येच ‘दुरुस्त’ करतं, आणि या राउटरमधलं ते पत्ता चुकीचा घालत होतं. पोच त्या चुकीच्या पत्त्यावर जायची. राउटरच्या सेटिंगमध्ये त्याच्यापुढची खूण काढली, राउटर पुन्हा चालू केला, मोबाइलवरून फोन लावला. तेहतीस, चौतीस, पस्तीस. बाई म्हणाल्या, “आता बोला की काहीतरी, नुसते आकडे काय मोजताय.”

इंटरनेटवाल्याकडे मी तीनदा लेखी तक्रार केली. उत्तर आलं, की आमच्याकडून लाइन ठीक आहे. काही राउटरवर ती खूण काढायची सोयच नव्हती. तिथे आम्ही सिपचं नेहमीचं पोर्ट 5060 सोडून दुसऱ्या पोर्टवर गेलो आणि जमलं तिथे टीएलएस, म्हणजे निरोपाला कुलूप, लावलं, म्हणजे राउटरला निरोप वाचताच येत नाही. वाचता आला नाही की दुरुस्तीही करत नाही. अकरापैकी चार जण परत आले. बाकीच्यांकडे भागीदाराने बसवलेले महागडे फोनही बत्तीस सेकंदांनीच तुटत होते, हे मला मागाहून कळलं. तेव्हा मात्र दोष लाइनचा होता म्हणे.

नंतर वर्षं गेली. 701 आता निवृत्त आहेत. उबुंटू या लिनक्सने 2017 मध्ये 32 बिटांची डेस्कटॉप आवृत्ती काढणं थांबवलं, तेव्हा आम्हीही हळूहळू मशिनं बदलली. मे 2025 मध्ये स्काइप बंद झालं, त्या आठवड्यात नवी गिऱ्हाइकं आली आणि जुना लॅपटॉप चालेल का, असं विचारू लागली. चालेल. आणायच्या आधी तो सपाट टेबलावर ठेवून पाहा, डगमगतो का. डगमगत असेल तर बॅटरी फुगलेली असू शकते. ती आधी काढायची, चार्जिंगला लावून बघायचं नाही. आणि यूपीएस घ्यायचा तो राउटरसाठी. वीज गेली तर लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर जागा राहील, पण राउटर विझल्यावर तो कुणाशी बोलणार?

परवा एका गिऱ्हाइकाने भागीदाराच्या कंपनीचं माहितीपत्रक दाखवलं. बसवणी करताना ते काय काय तपासून देतात, त्याचे नऊ मुद्दे. पहिला मुद्दा, राउटरमधला सिप एएलजी बंद करणे. आम्ही त्या प्रकरणानंतर प्रत्येक मशीनशेजारी जो कागद चिकटवतो, त्यावरचेच नऊ, त्याच क्रमाने. सातव्यात मी घाईत ‘हेडसेट’चं ‘हेटसेड’ टाइप केलं होतं. त्यांच्या चकचकीत कागदावरही हेटसेडच आहे. मी अजून त्यांना कळवलेलं नाही.