ट्रॉलीला ब्रेक कशाला?

गावाकडून हा प्रश्न ठरलेला असतो. हंगाम सुरू झाला की निपाणी-चिकोडी रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉल्या लागतात. एका ट्रॅक्टरमागं दोन, वर डोंगराएवढा ऊस, आणि बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नावाची गोष्टच नाही. थांबायचं ते ट्रॅक्टरनं. उतारावर खालचा गिअर, उभं केलं की चाकाखाली दगड. तवंदी घाट असाच उतरतात की! मग अमेरिकेत पिकअपमागं एक ट्रेलर लावायचा तर डॅशबोर्डखाली कंट्रोलर, ट्रेलरच्या चाकांत विजेचे ब्रेक, वर आणखी एक बॅटरी, हे लाड कशासाठी, असं काका विचारतात. विचारण्यात थोडी चेष्टाही असते. परदेशात राहून खर्चिक झालात, असं त्यांना म्हणायचं असतं.

हिशेब मांडून दाखवतो. उसाची ट्रॉली ताशी २० किलोमीटरनं जाते, इथं हायवेला ट्रेलर १०५ नं. वेग सव्वापाच पट, पण ब्रेकनं जिरवायची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे तेवढ्याच वजनाला सुमारे साडेसत्तावीस पट. ट्रॅक्टरवाल्याचं कसब कमी नाही, त्याच्यापुढचं गणितच वेगळं आहे. म्हणून इथं बऱ्याच राज्यांत ट्रेलरचं भारासकट वजन ३,००० पौंडांच्या, म्हणजे साधारण १,३६० किलोच्या वर गेलं की ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. टेक्सासमध्ये ही मर्यादा ४,५०० पौंड आहे.

ब्रेक म्हणजे नवलाची वस्तू नाही. बिडाचा ड्रम, आत लायनर लावलेले दोन शू, आणि शू पसरवायला एक दांडी. दांडीच्या टोकाला विजेचा मॅग्नेट. करंट आला की तो फिरत्या ड्रमच्या आतल्या सपाट तोंडाला चिकटतो, ड्रमबरोबर ओढला जातो आणि दांडी शू दाबते. ३,५०० पौंडांच्या ॲक्सलला साधारणपणे १० इंची ड्रम येतो, ७,००० च्या ॲक्सलला १२ इंची. मॅग्नेटला पूर्ण दाबात तीन ते पावणेचार अँपिअर लागतात. किती करंट सोडायचा हे कंट्रोलर ठरवतो, आणि कशावरून ठरवतो हे पाहूनच तो निवडायचा. दुकानात आधी ब्रँड आणि किंमत सांगतात, ते नंतर ऐकलं तरी चालतं.

स्वस्तातला प्रकार वेळेवर चालतो. पेडलला पाय लागला की ठरलेल्या गतीनं करंट चढवत नेतो. पुढं सिग्नल आरामात लाल झालाय का कुणी आडवा आलाय, याच्याशी त्याला घेणं नाही. पंगतीत कुणाला किती भूक आहे ते न बघता वाढप्यानं वाढत जावं, तसला कारभार. हळू थांबताना ट्रेलर मागं खेचतो, आणि गचकन थांबायची वेळ आली की कमी पडतो. हलका ट्रेलर, सपाट रस्ता, वर्षातनं चार वेळा वापर, एवढ्यालाच तो ठीक. कर्ट कंपनीचा व्हेंचरर या जातीतला.

दुसरा प्रकार प्रमाणात ब्रेक देतो. आतला सेन्सर ट्रकचा, म्हणजे ओढणाऱ्या पिकअपचा, वेग किती झपाट्यानं उतरतोय ते मोजतो आणि तेवढाच करंट सोडतो. टेकोन्शाचा प्रॉडिजी पी३, कर्टचा ट्रायफ्लेक्स, ऑस्ट्रेलियाच्या रेडआर्कचा टो-प्रो एलिट हे यातले. जुन्या लोलकाच्या कंट्रोलरला गाडीच्या दिशेत लेव्हलमध्येच बसवावं लागायचं, नाहीतर तो उतारालाच ब्रेक समजायचा. रेडआर्क आणि कर्टचा स्पेक्ट्रम यांची पेटी डॅशच्या आत कुठंही लपवता येते, बाहेर फक्त नॉब राहतो. पी३ ला बूस्टच्या पायऱ्या आहेत: ट्रेलर ट्रकहून जड असेल तर वरची पायरी लावायची, म्हणजे पाय लागताक्षणी ट्रेलर जरा जास्त धरतो. हलक्या ट्रेलरला तीच पायरी लावली तर प्रत्येक सिग्नलला झटका बसणार.

ट्रक नवा आणि टोइंग पॅकेजचा, म्हणजे ट्रेलर ओढायच्या सोयीनिशी आलेला, असेल तर आधी डॅशबोर्ड नीट बघा. फोर्ड, जीएम, रॅम यांचे कंट्रोलर कंपनीतूनच बसून येतात, आणि माझ्या मते ते मिळत असतील तर बाहेरचा घेऊच नये. ते ट्रकच्या ब्रेक ऑइलचा दाब आणि चाकांचा वेग थेट वाचतात. एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चालू झाला हेही त्यांना कळतं. बाहेरच्या कंट्रोलरला हे अंदाजानंच ओळखावं लागतं.

तिसरा पर्याय बिनवायरीचा. पेटी ट्रेलरच्या प्लगमध्ये घालायची आणि फोनवरून चालवायचं. भाड्याच्या ट्रकला उपयोगी आहे, नेहमीच्या वापराला मला पटत नाही. कारण हाताचा दांडा. ट्रेलर मागं शेपूट हलवायला लागला की ट्रकचा ब्रेक दाबायचा नसतो. ॲक्सिलरेटर सोडायचा आणि कंट्रोलरचा दांडा हातानं सरकवून एकट्या ट्रेलरला धरायचं, म्हणजे तो ताणला जाऊन सरळ येतो. त्या दोन सेकंदांत फोनच्या पडद्यावर बटण कोण शोधणार? कंट्रोलर कुठलाही असो, सीट बेल्ट लावून, न बघता हात पोचेल तिथंच दांडा हवा.

खरेदीआधी आणखी दोन गोष्टी बघा: तो किती ॲक्सल चालवतो, आणि ट्रेलरला विजेवर चालणारा हायड्रॉलिक पंप असेल तर त्याला चालतो का. पी३ चार ॲक्सल, म्हणजे आठ ब्रेक सांभाळतो, आणि हायड्रॉलिकसाठी त्यात वेगळं सेटिंग आहे.

आता वायरिंग. लोक कंट्रोलर निवडायला महिना लावतात आणि वायरिंग अर्ध्या तासात उरकतात, मग ब्रेक धरत नाही म्हणून कंट्रोलरला शिव्या. वायरी चारच: काळी बॅटरीच्या प्लसची, पांढरी अर्थची, लाल ब्रेक लाइटच्या स्विचची, निळी मागं ट्रेलरच्या ब्रेकला जाणारी. टोइंग पॅकेजच्या ट्रकमध्ये डॅशखाली तयार सॉकेट असतं. मॉडेलप्रमाणे हार्नेस, म्हणजे तयार वायरींचा जुडगा, आणला की वायर कापावी लागत नाही. सॉकेट नसेल तर काळी वायर थेट बॅटरीवरून आणा. चार ब्रेकपर्यंत २० अँपिअरचा, सहा किंवा आठला ३० चा सर्किट ब्रेकर लावा, तोही बॅटरीजवळ. फ्यूज नको. तो उडाला तर चालत्या गाडीत ब्रेक गेला. आपोआप परत जोडला जाणारा ब्रेकर हवा. वायर १२ गेजहून बारीक नको, आपल्याकडच्या मापात ४ स्क्वेअर एमएम. सहा-आठ ब्रेकला १० गेज, म्हणजे ६ स्क्वेअर एमएम. लाल वायर स्विचच्या ज्या टोकाला पाय दाबल्यावरच करंट येतो, तिथंच जोडायची.

सगळ्यात जास्त घोळ अर्थचा. ट्रेलरची पांढरी वायर रंग न खरवडता चेसिसला स्क्रूनं आवळलेली असते. मग करंट ट्रेलर-हुकच्या बॉलमधून, म्हणजे ट्रेलर ज्यावर अडकवतात त्या गोळ्यातून, ट्रकमध्ये परततो. बॉलला ग्रीस, खाली गंज, वळणावर संपर्क तुटतो आणि ब्रेक मधेच सुटतो. आकड्यात बघा. एका मॅग्नेटचा रोध सुमारे ३.२ ओहम, चार समांतर जोडले की ०.८. गंजलेल्या जोडात नुसता ०.२ ओहम वाढला तरी एकूण १ ओहम झाला, म्हणजे १२ व्होल्टपैकी २.४ त्या जोडातच जळाले. मॅग्नेटला उरले ९.६. कंट्रोलरच्या पडद्यावर मात्र सगळं ठीक दिसतं, कारण तो स्वतःच्या टोकाचंच बघतो. म्हणून पांढरी वायर प्लगपर्यंत सलग हवी, थिंबल दाबून, सोल्डर करून, वर स्लीव्ह घालून. कापून चिमटा मारायचे ते निळे प्लॅस्टिकचे जोड पहिल्या पावसाळ्यापर्यंत टिकतात.

तपासणी सोपी आहे. ट्रेलरचा प्लग काढा, मल्टिमीटरच्या दोन्ही पिना आधी एकमेकींना टेकवून जो आकडा येईल तो वजा धरा, मग निळी आणि पांढरी यांच्यात मोजा. चार ब्रेकला ०.८, दोनला १.६ यायला हवं. चारच्या ट्रेलरला १.०७ च्या आसपास आलं तर एक मॅग्नेट मेला. शून्याजवळ आलं तर शॉर्ट, आणि तो बहुधा ॲक्सलच्या नळीत असतो: एका चाकाकडून दुसरीकडे जाणारी वायर आत हादऱ्यानं घासून सोलते. नवी वायर नळीत न घालता बाहेरून क्लिप मारून न्यावी.

वीज बरोबर येऊनही ब्रेक लागत नसेल तर ड्रम उघडा. मागचं सील फुटून ग्रीस लायनरवर आलं असेल तर पुसून भागत नाही, शू बदलायचे. मॅग्नेट वाकडा घासला असेल किंवा आतली कॉइल दिसायला लागली असेल तर दोन्ही बाजूंचे एकदम बदला, नाहीतर ट्रेलर एका अंगाला ओढेल.

नवे ब्रेक पहिल्या दिवशी पूर्ण धरत नाहीत. ताशी ६५ वरून ३० वर, असे २० ते ३० वेळा दाबायचे, मधे गार होऊ द्यायचे, तेव्हा लायनर ड्रमला बसतात. मग गेन, म्हणजे ट्रेलरला जास्तीत जास्त किती ब्रेक द्यायचा तो कंट्रोलरवरचा आकडा, लावा: भरलेला ट्रेलर, कोरडा सपाट रस्ता, ताशी ४० चा वेग, आणि हाताचा दांडा पूर्ण सरकवायचा. चाकं लॉक होईपर्यंत गेन वाढवत न्या, मग किंचित खाली आणा. ट्रेलर रिकामा झाला की तोच गेन जास्त होतो आणि टायर घासतात, म्हणून भार बदलला की आकडा बदला. आपोआप ॲडजस्ट न होणाऱ्या ब्रेकमधली शू आणि ड्रम यांच्यातली पोकळी पहिल्या ३०० किलोमीटरनंतर आणि पुढं दर ५,००० किलोमीटरला आतलं दातेरी चाक फिरवून कमी करायची. ती वाढली की लोक गेन वाढवत राहतात, आणि खरा दोष झाकून जातो.

यातलं उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, न होणारं काय आहे, सांगा बघू. बिडाचा ड्रम ओतणं, टर्निंग करणं, कॉइल गुंडाळणं, बेळगावच्या फौंड्रीवाल्यांना आणि रिवाइंडिंगवाल्यांना हे हातचं काम. अडतं ते गिऱ्हाइकापाशी. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, ब्रेकवर कोण देणार? आणि इथल्यांनीही फार नाक वर करू नये. टेक्सासनं २०२५ पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी बंदच केली, आणि होडी वाहणाऱ्या ट्रेलरचे ब्रेक पाण्यात बुडून बुडून गंजून मेलेले असतात. तरी काकांना माझं उत्तर तेच: इथल्या वेगाला हा खर्च लागतो.

राहिला ट्रेलर सुटला तर स्वतः थांबवणारा स्विच, त्यासाठीच ती वेगळी बॅटरी. व्यावसायिक ट्रेलरला संघीय नियम असा की सुटल्यावर ब्रेक आपोआप लागून निदान १५ मिनिटं धरून राहिला पाहिजे. ट्रेलर सुटला की स्विचची पिन ओढणारी दोरी हुकात न अडकवता ट्रकच्या चेसिसला बांधायची, आणि सुरक्षेच्या साखळीहून ती आखूड ठेवायची नाही पण जमिनीला घासेल इतकी लांबही नको. प्रवासाआधी पिन ओढून ट्रेलर खेचून बघा, चाकं फिरता कामा नयेत. मात्र त्याआधी ट्रकचा प्लग काढा, कारण पिन ओढली की बॅटरीचा करंट निळ्या वायरीनं उलटा येतो आणि कंट्रोलर जाळू शकतो.