निकेल सल्फेटची हिरवी बाटली

फोंडा तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राचं स्टोअर माझ्या ताब्यात आहे. पोटॅशियम डायक्रोमेट विषारी, म्हणून त्याची बाटली मुलं आपणहून जपून हाताळतात. निकेल सल्फेटचे पाचूसारखे हिरवे स्फटिक दिसले की मात्र बोटं पुढे होतात. म्हणून हे लिहिते आहे.

हे रसायन दोन रूपांत मिळतं. स्फटिकात पाण्याचे सहा रेणू बांधलेले असले तर ते सहा पाण्यांचं, जरा निळसर; सात असले तर सात पाण्यांचं, गर्द हिरवं. सात पाण्यांचं रूप साधारण 31 अंशांच्या वर टिकत नाही, एक पाणी सोडून देतं. गोव्याच्या मे महिन्यात बंद खोलीत 31 अंश म्हणजे काहीच नव्हे! त्यामुळे लेबलावर सात छापलेलं असलं तरी उन्हाळा उलटल्यावर आत नेमकं काय उरलंय, याची मला खात्री वाटत नाही. 0.1 मोलरचं 250 मिली द्रावण करायला सहाचं 6.57 ग्रॅम लागतं, सातचं 7.02. ग्रॅव्हिमेट्रीत, म्हणजे साका वजन करून प्रमाण काढण्याच्या प्रयोगात, एवढ्या फरकाने मुलांचं उत्तर चुकतं आणि दोष त्यांच्या हाताला लागतो. माझ्या मागणीपत्रात ‘हेक्झाहायड्रेट’ (सहा पाण्यांचं) हा शब्द म्हणूनच ठळक असतो.

लेबलावर उद्गारचिन्हाशिवाय आणखी दोन चित्रं असतात: छातीत तारा फुटलेला माणूस आणि मेलेला मासा. आपल्याकडची मुलं माशापाशी थांबतात, पण आधी वाचायला हवा तो माणूस. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1990 साली निकेलच्या संयुगांना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. आधार होता निकेल शुद्धीकरण कारखान्यांतल्या कामगारांचा. त्यांच्यात फुप्फुसाचे आणि नाकाच्या पोकळीचे कर्करोग जास्त आढळले होते. आमची मात्रा त्यांच्या मानाने नगण्य, हे मी मुलांना सांगते. तरी धोका श्वासातून जाणाऱ्या धुळीचा आहे, म्हणून वजन करताना पंखा बंद. घामाच्या धारा लागल्या तरी बंदच.

घामाचं आणखी एक आहे. खोट्या दागिन्यांतलं निकेल घामात विरघळतं, कान चिघळतात. अशा मुली दर वर्गात असतात. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते, आणि मग द्रावणाचा थेंबही पुरतो. त्वचारोगतज्ज्ञ ती तपासायला पाठीवर जी पट्टी लावतात, तिच्यात हेच निकेल सल्फेट असतं, बहुधा पाच टक्के. “मॅडम, मला कानातल्यांचा त्रास होतो,” असं एखादीने सांगितलं की नायट्राइलचे हातमोजे तिला आधी देते.

आता मासा, म्हणजे पाण्यातल्या जिवांना धोका. डीएमजी (डायमिथिलग्लायॉक्झिम, निकेल ओळखायचं रसायन) घातल्यावर येणारा लाल साका बघायला सगळे जमतात, पण फ्लास्कमध्ये उरलेलं हिरवं द्रावण सरळ बेसिनमध्ये जातं. इथली जांभ्याची जमीन पाणी धरून ठेवत नाही, आणि आजूबाजूच्या घरांत अजून विहिरीचं पाणी वापरतात. उरलेलं द्रावण मी कॅनमध्ये जमा करते आणि सोडियम हायड्रॉक्साइड घालून हिरवा हायड्रॉक्साइड खाली बसवते. अमोनिया घातलेलं निळं द्रावण त्यात ओतायचं नाही. अमोनिया निकेलला धरून ठेवतो, साका नीट बसत नाही आणि वरचं पाणी स्वच्छ झाल्याचा भास होतो. त्याचा कॅन वेगळा, त्यावर मोठ्या अक्षरात ‘अमोनियासह’.

पुरवठ्याबद्दल मुलांना एक गोष्ट माहीत नसते. देशात निकेल बनवणारा कारखाना आपल्या कुंकळ्ळीत आहे. 2021 मध्ये वेदान्तने तिथली नायकोमेट घेतली, तेव्हा देशातले एकमेव निकेल उत्पादक आपणच, असं कंपनीने जाहीर केलं होतं. बॅटऱ्यांमुळे आज निकेल सल्फेटला जगभर मागणी आहे. प्रयोगशाळेला मात्र कारखान्यातून माल मिळत नाही, लहान बाटल्या वितरकाकडूनच घ्याव्या लागतात. तो अर्ध्या किलोची बाटली स्वस्त पडते म्हणून सुचवतो. यंदा मी शंभर ग्रॅमचीच मागवली आहे, आणि विभागप्रमुखांना 250 ऐवजी 100 मिलीचे फ्लास्क वापरायची विनंती लेखी दिली आहे.