मल्टीमीटर कॉम्प्युटरला जोडायचाय, लॅबव्ह्यू घेऊ की पायथॉन? माझा अनुभव

अंधेरी एमआयडीसीत आमचं छोटं कॅलिब्रेशनचं (उपकरणं बरोबर मोजतात का ते तपासायचं) काम आहे. बेंचवर एचपीचा जुना ३४४०१ए मल्टीमीटर, आणि रीडिंग उतरवायला रजिस्टर, मग संध्याकाळी तेच आकडे परत एक्सेलमध्ये टाईप करत बसायचं. सर म्हणाले हे बंद कर आता, सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं ते तूच बघ.

पहिलं नाव अर्थातच लॅबव्ह्यू, मोजमापाची यंत्रं कॉम्प्युटरवरून चालवायचं सॉफ्टवेअर. १९८६ पासून आहे आणि भारीच आहे, ब्लॉक ठेवा, वायरी ओढा, की स्क्रीनवर नॉब आणि ग्राफ तयार. पण फुकटवाली कम्युनिटी एडिशन धंद्याच्या कामाला चालत नाही, लायसन्स घ्यावंच लागतं, आणि मला त्याहून जास्त खटकलं ते हे की प्रोग्राम म्हणजे सगळं चित्रच, कालच्यापेक्षा आज कुठे काय बदललं ते टेक्स्टसारखं पटकन दिसत नाही. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरचा इन्स्ट्रुमेंटवाला टूलबॉक्स वेगळा विकत घ्यायचा, तो विषय सरांनी चहा संपायच्या आत संपवला.

मग मीटरचं मॅन्युअल नीट वाचलं आणि अर्धं टेन्शन गेलं. मीटरला तुमच्या लँग्वेजशी काही देणंघेणं नाही, त्याला एससीपीआयच्या (अशा यंत्रांची ठरलेली भाषा) कमांड कळतात बस. 'स्टार आयडीएन प्रश्नचिन्ह' (*IDN?, म्हणजे 'तू कोण?') कुठूनही पाठवा, तो आपलं नाव आणि मॉडेल सांगणार. कॉम्प्युटर आणि मीटरला जोडून देणारा मधला व्हिसा ड्रायव्हर फुकट मिळतो. म्हणजे प्रश्न उरला एवढाच की मी रजेवर असताना कोड कोण उघडणार, आणि आमच्याकडे नवीन येणाऱ्या पोरांना पायथॉन येतंच. पायव्हिसा (पायथॉनमधून व्हिसा वापरायची लायब्ररी) टाकलं, विषय संपला.

खरा वेळ गेला तो इतर भानगडीत. जीपीआयबीचा (लॅबमधली यंत्रं जोडायचं पोर्ट) अ‍ॅडॅप्टर महाग, म्हणून आरएस-२३२ ने (जुना सिरियल पोर्ट) जायचं ठरवलं, लॅमिंग्टन रोडवरून नल मॉडेम केबल, म्हणजे पाठवायच्या-घ्यायच्या वायरी उलटसुलट जोडलेली, आणली (दोन्ही टोकं फीमेल, आणि पिन २-३ सोबत ४-६ पण क्रॉस आहेत ना ते दुकानातच मीटर लावून बघा, दुकानदार वैतागला तर वैतागू दे). या मीटरचं फॅक्टरी सेटिंग ९६०० बॉड (डेटाचा वेग), ७ बिट, इव्हन पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट), आणि पायव्हिसा धरून चालतं ८ बिट, पॅरिटी नाही, ते जुळवल्याशिवाय तो धड बोलत नाही. शिवाय आधी 'सिस्ट रिमोट' पाठवावं लागतं.

सगळ्यात मजेशीर टाईमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत. चांगलं रीडिंग हवं म्हणून इंटिग्रेशन (एका रीडिंगसाठी मोजत राहायचा वेळ) विजेच्या १०० सायकलइतकं ठेवलं, आपल्याकडे ५० हर्ट्झ म्हणजे तिथेच २ सेकंद गेले, वर ऑटोझिरोचे (मीटर स्वतःचा शून्य तपासतो) तेवढेच, आणि पायव्हिसा थांबतं फक्त २००० मिलिसेकंद! मीटर बिचारा मोजतोय आणि हा म्हणतो उत्तरच नाही. टाईमआउट १० सेकंद केला, एरर गायब.

आता सर लॅनवाला (नेटवर्क केबलने जोडायचा) नवीन मीटर घ्यायचं म्हणतायत. कोडमध्ये अ‍ॅड्रेसची ओळ बदलेन, सिरियलची सेटिंगं उडवेन, बाकी कमांड बहुतेक त्याच राहतील. बजेट मात्र अजून पास व्हायचंय.