रात्रभर कोमेजणे

इंदूरच्या माणसाला रात्र म्हटले की सराफा आठवतो. दागिन्यांची दुकाने बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर तवे आणि कढया लागतात, आणि थंडीच्या दिवसांत तळलेल्या गराडू कंदावर जीरावन मसाला भुरभुरून घेत आम्ही रात्रीचा एक सहज वाजवतो. त्यामुळे चहाच्या मळ्यांतून रात्रभराची पायी भटकंती करायचे ठरले तेव्हा जागरणाच्या बाबतीत तरी आपली तयारी आहे, असा माझा समज होता. दिव्यांच्या झगमगाटात जागणे निराळे आणि अंधारात जागणे निराळे, हे मला साठीला टेकल्यावर कळले.

जानेवारीत अहिल्यानगरी एक्सप्रेसमध्ये दोन रात्री काढून आम्ही नवरा-बायको एर्नाकुळमला उतरलो; तिथून बसने मुन्नार आणि पुढे सूर्यनेल्ली. कोळुक्कुमलै हा मळा ७,००० फुटांहून अधिक उंचीवर, कड्याच्या धारेला लागून आहे, आणि जगातल्या सर्वांत उंचावरच्या चहाच्या मळ्यांत त्याची गणना होते. गंमत अशी की मोडतो तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात, पण गाडीरस्ता मात्र केरळातून येतो. बहुतेक लोक पहाटे जीपमध्ये हाडे खिळखिळी करून घेत वर पोहोचतात. आम्ही संध्याकाळी चालत निघालो. मध्ये तंबूत काही तास पाठ टेकायची आणि उजाडण्यापूर्वी माथा गाठायचा, असा बेत होता.

आमचा वाटाड्या मळ्यातल्या कामगारांच्या चाळीतच वाढलेला तमिळ तरुण होता. त्याच्या हिंदीत क्रियापदे कमी आणि हातवारे अधिक होते, तरी नियम स्पष्ट होते: टॉर्च पायांवर, बोलणे हळू आणि रांग मोडायची नाही. कारण हत्ती. शेजारच्या चिन्नक्कनाल भागात रेशनच्या दुकानांच्या भिंती पाडून तांदूळ खाणारा ‘अरिकोम्बन’, म्हणजे तांदूळवाला सुळेदार, २०२३च्या एप्रिलमध्ये गुंगीचे इंजेक्शन देऊन पेरियारच्या जंगलात हलवावा लागला होता. “वो गया. बाकी सब इधर है,” असे सांगून तो शांतपणे पुढे चालू लागला. सौभाग्यवती माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “अहो, माझ्या पिशवीत पोहे आहेत. तेही तांदळाचेच की!” पुढचा अर्धा तास ती पिशवी माझ्या खांद्यावर होती.

टॉर्चच्या उजेडात चहाची झुडपे आमच्याकडच्या जुन्या बंगल्यांच्या मेंदीच्या कुंपणासारखी दिसत होती, तशीच कातरलेली आणि एका पातळीत. वाटाड्याने एका ठिकाणी फांद्या बाजूला सारून उजेड खाली नेला, तेव्हा आत मनगटाहून जाड, गाठीगाठींचे, पिळवटलेले खोड दिसले. मोकळे सोडले तर याचे चांगले उंच झाड होते. पण पाने खुडणे चालूच असते आणि दर चार-पाच वर्षांनी खोलवर छाटणी होते, म्हणून ते कमरेशीच थांबते. त्याची उंची ठरते ती पाने तोडणाऱ्या बाईच्या हाताच्या सोयीने. त्या बायांत वाटाड्याची आईही होती. दोन पाने आणि एक कळी हे माप तिच्या बोटांना अंधारातही कळेल, असे तो म्हणाला, आणि त्यात मला अतिशयोक्ती वाटली नाही.

मी एक कोवळे पान चुरगळून हुंगले. दिवसातून चार वेळा चहा पिणाऱ्या माणसाला त्या वासात चहा कुठेच सापडला नाही. गणपतीसाठी दुर्वा खुडल्यावर बोटांना येतो, तसा नुसता हिरवा वास होता. माझा हिरमुसलेला चेहरा पाहून वाटाड्या हसला आणि त्याने खुलासा केला. दिवसा तोडलेली पाने कारखान्यात जाळ्यांवर पातळ पसरतात आणि खालून वारा देत रात्रभर कोमेजू देतात. ताजे पान दुमडले तर मोडते. पाणी उडाल्यावर ते रुमालासारखे मऊ पडते, आणि मगच त्याला मळता-वळता येते. पान मळले गेले की रस हवेला लागतो, ते तांबूस होऊ लागते आणि ओळखीचा वास येतो.

म्हणजे आम्ही तंबूत पडलो होतो त्या वेळी वरच्या कारखान्यात पानेही पडलेली होती. त्यांची रात्र कशी गेली ते ठाऊक नाही. माझी मात्र गुडघे पोटाशी घेऊन, कानटोपीवर मफलर बांधून आणि बाहेरच्या प्रत्येक खसफशीला हत्ती समजून गेली. या दिवसांत मुन्नारच्या खोलगट भागांत पारा शून्यापर्यंत उतरतो, दव गोठते आणि कोवळा पाला करपतो. पहाटे चारला उठवले तेव्हा माझे अंगही दुमडले तर मोडेल अशा अवस्थेत होते.

माथ्यावरून दिसणाऱ्या ढगांच्या समुद्राचे आणि सूर्योदयाचे वर्णन इतक्या जणांनी केले आहे की त्यात मी भर घालत नाही. मला ओढ कारखान्याची होती. तिथे १९३०च्या दशकातली यंत्रे अजून पान जुन्या पद्धतीने हळूहळू वळतात. आपल्या पातेल्यातला दाणेदार चहा मात्र पान कापून, फाडून, गुंडाळणाऱ्या वेगळ्या यंत्रांतून येतो. सुमारे साडेचार किलो ओल्या पाल्याचा एक किलो चहा होतो, हे ऐकून सौभाग्यवतींनी पाव किलोच्या पुड्याची किंमत निमूटपणे दिली.

इंदूरला परतल्यावर तो चहा त्यांनी नेहमीसारखाच आले ठेचून, दूध घालून खळखळा उकळला. शेजारच्या काकूंनी एक घोट घेतला, पोह्यांची बशी पुढे ओढली आणि विचारले, “आज पत्ती संपली होती का गं?” त्यानंतर दुधाला रंग देणारी रोजची पत्ती परत आली. कोळुक्कुमलैचा पुडा एका डब्यात भरून फडताळात जीरावनाच्या शेजारी ठेवला आहे. झाकण नीट बसत नाही, आणि चहा आजूबाजूचे वास फार चटकन ओढून घेतो. काल उघडून हुंगला, तर सराफ्याचा वास येऊ लागला आहे.