स्नॅपड्रॅगनची काढणी आणि फुलदाणीतली निगा

स्नॅपड्रॅगनचा तुरा खालून वर फुलत जातो, आणि फुलदाणीसाठी तो कधी कापावा हे त्यावरूनच ठरते. तळाची पाच-सात फुले पूर्ण उघडलेली, त्यांच्या वरच्या कळ्यांना रंग चढलेला आणि शेंड्याकडच्या कळ्या अजून हिरव्या व घट्ट मिटलेल्या, अशा अवस्थेतला दांडा मी निवडते. वाफ्यात टोकापर्यंत फुललेला तुरा सर्वांत देखणा दिसतो हे खरे, आणि बहुतेक जण तोपर्यंत थांबतातही. परंतु तोवर तळाच्या फुलांचे परागीभवन होऊन गेलेले असते आणि असा दांडा घरात आणला की एक-दोन दिवसांतच टेबलावर फुलांचा सडा पडतो.

ही गळ कशी होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. स्नॅपड्रॅगनचे फूल सहसा कोमेजून, सुकून मग पडत नाही. वरचा आणि खालचा ओठ मिळून झालेली त्याची नळी रंग ताजा असतानाच अख्खीच्या अख्खी सुटून खाली येते, आणि दांड्यावर निदलपुंजात, म्हणजे फुलाच्या तळाशी असलेल्या हिरव्या वाटीत, एवढीशी अंडाशयाची गाठ (जिच्यात बिया धरतात) व तिच्यावरचा बारीक दोऱ्यासारखा कुक्षिवृंत मागे राहतो. भुंग्यासारख्या जड, केसाळ बंबलबी या मधमाशीच्या जातकुळीतल्या माशीने आपल्या वजनाने खालचा ओठ दाबून आत शिरावे आणि परागकण पोहोचवावेत, अशी या मिटलेल्या फुलाची रचना आहे. एकदा ते काम झाले की फुलात इथिलीन वायू तयार होऊ लागतो आणि पाकळ्यांची नळी देठापासून सुटी होते. हाच वायू पिकणारी केळी, सफरचंदे आणि टोमॅटोही सोडतात, त्यामुळे स्नॅपड्रॅगनची फुलदाणी फळांच्या टोपलीशेजारी कधीही ठेवू नये. व्यापारी उत्पादक कापलेल्या दांड्यांना चांदीच्या संयुगाचे द्रावण पाजून इथिलीनचा परिणाम रोखतात. घरात असली जड धातूंची रसायने वापरण्याची काही गरज नाही, वेळेवर केलेली काढणी पुरेशी ठरते.

कापणी पहाटे किंवा सकाळी लवकर करावी, कारण रात्रभरात दांड्यात भरपूर पाणी भरलेले असते. पाते धारदार आणि स्वच्छ असावे. दांडा लांब घ्यावा, पण खाली पानांच्या दोन-तीन जोड्या झाडावर राहू द्याव्यात, म्हणजे त्यांच्या बेचक्यांतून नवे फुटवे येतात. बादली वाफ्याजवळच नेऊन कापलेला दांडा लगेच पाण्यात ठेवावा, पाण्यात बुडणारी पाने आधीच काढून टाकावीत आणि बादली काही तास थंड, सावलीच्या जागी राहू द्यावी. मांडणी त्यानंतर करावी.

या सगळ्यात सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे दांडा उभा ठेवणे. स्नॅपड्रॅगन कापल्यानंतरही वाढत असतो आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा त्याला नेमकी कळते. दांडा आडवा पडला की त्याच्या खालच्या बाजूच्या पेशी वरच्या बाजूपेक्षा अधिक लांब होतात आणि काही तासांतच शेंडा आकाशाकडे वळतो. हे अंधारातही घडते, म्हणून तो केवळ उजेडाकडे झुकला असे समजू नये. मग असा वाकलेला दांडा फुलदाणीत उभा केला, की शेंडा पुन्हा वर जाण्यासाठी उलट दिशेला वळतो आणि दांड्याला कायमचा बाक राहतो. कोणाला फुले भेट म्हणून न्यायची असतील तर ती मांडीवर आडवी धरून किंवा गाडीच्या आसनावर निजवून नेऊ नयेत. उंच बादलीत थोडे पाणी घालून उभीच न्यावीत. थंडीत ही वाढ मंदावते, त्यामुळे गार जागी ठेवलेले दांडे कमी वाकतात. वाफ्यातही हाच नियम लागू होतो: वाऱ्यापावसाने कललेला दांडा दोन दिवसांत वेडावाकडा होतो, म्हणून उंच वाणांना रोपे लहान असतानाच आडवी जाळी किंवा काठीचा आधार द्यावा. रोपांना पानांच्या तीन-चार जोड्या आल्यावर शेंडा खुडला तर दांडे संख्येने अधिक मिळतात; एकच भरदार, जाड दांडा हवा असेल तर खुडू नये. बुटके वाण कुंडीत शोभून दिसतात, पण फुलदाणीसाठी त्यांचा फारसा उपयोग नाही.

फुलदाणी साबणाने स्वच्छ धुतलेली असावी. दांड्याचे टोक दोन-तीन सेंटिमीटर तिरके कापून ते लगेच पाण्यात घालावे आणि दर दोन दिवसांनी पाणी बदलताना पुन्हा थोडे कापावे. वरच्या कळ्या उमलण्यासाठी साखरेची गरज असते, कारण घरातल्या मंद उजेडात पानांना पुरेसे अन्न तयार करता येत नाही. म्हणूनच घरात उमललेली वरची फुले आकाराने लहान आणि रंगाने फिकी निघतात. फुलांसाठी तयार मिळणाऱ्या पुडीत साखरेबरोबर जिवाणूंना आवरणारे घटक आणि पाणी आम्लधर्मी ठेवणारे द्रव्य असते, त्यामुळे ती दिलेल्या प्रमाणातच वापरावी. पुडी नसेल तर नुसती साखर घालण्याचा मोह टाळावा. साखरेच्या पाण्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, दांड्याच्या जलवाहिन्या तुंबतात आणि भरल्या फुलदाणीत फुले तहानेने माना टाकतात. त्यापेक्षा साधे, रोज बदललेले स्वच्छ पाणी केव्हाही चांगले.

जागा थंड आणि उजेडाची असावी, मात्र थेट ऊन आणि पंख्याचा झोत टाळावा. एवढी काळजी घेतली तर आठवडाभर, आणि हवा गार असेल तर त्याहूनही काही दिवस अधिक, तुरा टिकतो. तळाची फुले गळू लागली म्हणून अख्खा दांडा टाकून देणे मला पटत नाही, कारण वरच्या कळ्यांना त्या वेळी अजून उमलायचे असते. सुकलेली फुले देठासह खुडून टाकावीत, तेवढ्या भागाने दांडा आखूड करावा आणि तो लहान तोंडाच्या बाटलीत ताज्या पाण्यात ठेवावा. पाण्याला शेंड्यापर्यंत पोहोचायला कमी अंतर उरते आणि एरवी मिटलेल्याच राहिल्या असत्या अशा आणखी काही कळ्या उघडतात.